माहिती अधिकाराचे ऑनलाइन पोर्टल आणि सोमवारचे दोन तास : कोल्हापूरकरांसाठी परीक्षण

दुकान मुलाच्या हाती दिले, पण सकाळी दोन तास गल्ल्यावर बसणे सुटलेले नाही. नोकरी संपली, पण आठवड्यातून तीन दिवस कुणाचे तरी हिशेब बघायला जावे लागते. अशी अर्धी निवृत्ती घेतलेली माणसे कोल्हापुरात पेठोपेठी आहेत. आपल्या गल्लीतल्या रस्त्याची, गटारीची, नळाच्या पाण्याची नीट चौकशी करायला लागणारा वेळ आणि व्यवहारज्ञान दोन्ही त्यांच्याकडे असते. त्यांना उपयोगी पडतील अशा दोन सरकारी सेवांचे हे परीक्षण आहे. पहिली म्हणजे राज्य शासनाचे माहिती अधिकाराचे ऑनलाइन पोर्टल. दुसरी म्हणजे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ सरकारी दप्तर समक्ष पाहण्याची सोय. पहिली बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, दुसरी फार थोड्यांनी. मत आधीच सांगतो : अर्जाची तारीख पक्की करायला पोर्टल उत्तम आहे, पण कामाची गोष्ट हाती लागते ती फाईल समोर उघडून बसल्यावर. दोन्हींची जोडी लावली तरच पदरात काही पडते.

कोल्हापुरात याची गरज सध्या जास्त आहे. २०१५ मध्ये निवडून आलेल्या महापालिका सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळातले काम कुणी सुचवले, कुणी मंजूर केले, बिल कधी निघाले, हे नगरसेवकाला गाठून विचारण्याची सोयच नव्हती. आता ८१ नगरसेवक आहेत, पण पूर्वीसारखा एका प्रभागाला एक नाही. २० प्रभाग आहेत आणि एकेका प्रभागात चार, एका ठिकाणी पाच. काम कोणाच्या शिफारशीचे, हे तोंडी विचारले की चार दारे फिरावी लागतात. त्यापेक्षा कागद मागवणे सोपे.

पोर्टल वापरताना

सुरुवातीलाच एक घोळ होतो. पोर्टल दोन आहेत आणि नावे जवळजवळ सारखी. महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, महावितरण हे सगळे राज्याचे, म्हणून पत्त्यात 'महाराष्ट्र' हा शब्द असलेले पोर्टल उघडायचे : आरटीआयऑनलाइन डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. भविष्य निर्वाह निधी कार्यालय, पोस्ट, रेल्वे, बीएसएनएल, राष्ट्रीयीकृत बँका यांच्यासाठी केंद्राचे पोर्टल, ज्याच्या पत्त्यात 'महाराष्ट्र' नसते. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतल्या पेन्शनची चौकशी तिकडे जाते, घरफाळ्याची इकडे. केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या कार्यालयाचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि भरलेले शुल्क मिळत नाही. रक्कम दहाच रुपये असते, खरे नुकसान वाया गेलेल्या दिवसांचे.

दोन्हीकडे अर्जाचे शुल्क १० रुपये, वर पेमेंट गेटवेची किरकोळ आकारणी. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर शुल्क नाही, पण कार्डाची प्रत जोडावी लागते. मोठा फरक शब्दमर्यादेचा आहे. केंद्राच्या नियमात ५०० शब्द चालतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम बदलून अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा असे ठरवले. या अटीवर बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे, कारण साध्या माणसाला थोडक्यात लिहिणेच सर्वांत अवघड जाते. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी : नेमका लिहिलेला १५० शब्दांचा अर्ज फेटाळायला जागा कमी राहते.

मजकूर थेट पोर्टलच्या चौकटीत टाईप करू नका. पान बराच वेळ तसेच राहिले तर सत्र संपते आणि लिहिलेले जाते. आधी फोनच्या नोट्समध्ये किंवा संगणकावर युनिकोड मराठीत लिहा, शब्द मोजा, मग चौकटीत चिकटवा. फोनच्या कीबोर्डवरचा माईक दाबून बोलले तरी मराठी चांगली उमटते, मात्र 'मोजमाप पुस्तक', 'कार्यादेश', 'देयक' असे शब्द हमखास चुकतात, ते डोळ्यांखालून घाला. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेला मजकूर चिकटवला तर निरर्थक अक्षरे दिसतात, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. अवतरणचिन्हे, रुपयाचे चिन्ह, गोळ्यांच्या याद्या टाळा. साधे आकडे आणि पूर्णविराम पुरतात. जोडपत्र लावायचे असेल तर पीडीएफ लहान ठेवा आणि फाईलच्या नावात मोकळी जागा सोडू नका.

सगळ्यांत महत्त्वाची पायरी कार्यालय निवडण्याची. प्रत्येक लहान कार्यालय यादीत असेलच असे नाही. आपले कार्यालय यादीत सापडत नसेल तर जवळचे वाटणारे कुठलेही नाव निवडू नका, त्या वेळी कागदी अर्जच करा. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. कायदा तसे सांगतो, पण त्या पाच दिवसांचे पंधरा झालेले सर्रास दिसतात. महापालिकेच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. मुख्य इमारतीतल्या विभागांखेरीज गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. गल्लीतला रस्ता आणि गटार यांचे कागद बहुधा विभागीय कार्यालयात असतात, घरफाळा आणि पाणीपुरवठा यांचे त्या त्या विभागाकडे. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'अमुक विभागीय कार्यालयाशी संबंधित' असे लिहा, म्हणजे पुढच्या टेबलावर अर्ज फिरत राहत नाही.

मोबाईल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. नातवाचा ईमेल देणे सोयीचे वाटते, पण जास्तीचे शुल्क भरण्याचे पत्र, अर्ज दुसरीकडे पाठवल्याचा निरोप, सुनावणीची सूचना सगळे तिथे जाते आणि नातू पुण्याला किंवा बेंगळुरूला असतो. पैसे कापले गेले आणि नोंदणी क्रमांक आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एक-दोन दिवस थांबून स्थिती तपासा. क्रमांक आला की त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पीडीएफ दोन्ही ठेवा. पोर्टलचा खरा फायदा हाच आहे. कागदी अर्जाला आवक-जावकच्या खिडकीवर पोच मागावी लागते, 'उद्या या, साहेब नाहीत' ऐकावे लागते. ऑनलाइन अर्जाची तारीख कुणाला नाकारता येत नाही.

कागदी अर्ज करायचाच तर तो जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेऊन परत आणा. पोस्टाने पाठवत असाल तर लक्षात ठेवा, जुने रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये मिसळले आहे. खिडकीवर स्पीड पोस्टसोबत रजिस्ट्रेशनची जोडसेवा मागून घ्यावी लागते. पावतीवरचा क्रमांक टाकून पोहोचल्याची नोंद छापून ठेवा.

पोर्टलला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण शब्दमर्यादेपोटी गेला. एक गुण गेला तो अर्ज नेमका कोणत्या टेबलावर आहे हे स्थिती पाहताना कळत नाही म्हणून.

काय मागायचे

पोर्टल कितीही चांगले असले तरी प्रश्न चुकला तर उत्तर रिकामे येते. 'आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला?' असे विचारले की 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे एका ओळीचे पत्र येते, आणि ते कायद्याला धरून असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, कार्यालयाकडे जे कागद आहेत तेच द्यायचे. नवी माहिती तयार करणे, कारणे सांगणे, मत देणे ही माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी नाही. म्हणून 'का' विचारायचे नाही. ज्या कागदात 'का' चे उत्तर दडलेले आहे तो कागद मागायचा.

रस्त्यासाठी कागद ठरलेले आहेत. मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली त्या कामाची पाने, अंतिम देयक, गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि करारातले दोषदायित्व कालावधीचे पान. शेवटचे पान विसरू नका. त्या कालावधीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे पान हातात असले की प्रभागातल्या चौघा नगरसेवकांपैकी कुणालाही नव्या निधीची विनंती करावी लागत नाही.

अर्जाचा मजकूर असा चालतो :

'विषय : (रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत) या रस्त्याचे काम. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. संबंधित : (विभागीय कार्यालयाचे नाव). या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. १. मंजूर अंदाजपत्रक. २. कार्यादेश. ३. मोजमाप पुस्तकातील या कामाच्या नोंदींची पाने. ४. अंतिम देयक. ५. गुणवत्ता चाचणी अहवाल. ६. करारातील दोषदायित्व कालावधीचे पान. प्रती देण्यापूर्वी संपूर्ण फाईलचे अवलोकन करू द्यावे.'

शब्द शंभराच्या आत राहतात. शेवटचे वाक्य फार उपयोगी आहे, का ते पुढे येईल. कालावधी घालायलाच हवा. 'आजपर्यंतची सर्व माहिती' लिहिले की 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' हे उत्तर तयारच असते. माहिती कशासाठी हवी हे लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारताच येत नाही, आणि कारण लिहिले की अर्जाला तक्रारीचा वास येतो. नगरसेवकाचे किंवा ठेकेदाराचे नाव अर्जात घालू नका. कामाचे नाव पुरते. शेजारपाजारचे संबंध त्यामुळे टिकतात, आणि व्यक्तिगत माहितीच्या कारणाखाली अर्ज अडवायला जागा उरत नाही. कलम ८(१) मधला व्यक्तिगत माहितीचा अपवाद नव्या डेटा संरक्षण कायद्यामुळे आता पूर्वीपेक्षा बराच रुंद झाला आहे, म्हणून ही काळजी अधिकच हवी.

पाण्याच्या प्रश्नालाही हाच नियम. काळम्मावाडी धरण ते पुईखडी जलशुद्धीकरण केंद्र ही साधारण ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन, तिचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचले. त्यानंतरही पाणी आले नाही की चर्चा तोंडीच होते. मागायचे ते पंपांचे लॉगबुक : कोणता पंप किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला याची रोजची नोंद. आठवड्याचे लॉगबुक आणि आपल्या भागातल्या व्हॉल्व्ह सोडण्याच्या वेळा शेजारी ठेवल्या की दोष वर आहे की गल्लीत, हे कळते. पंचगंगेच्या प्रदूषणाबाबत कसबा बावड्याचा ७६ एमएलडीचा (एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) आणि दुधाळीचा १७ एमएलडीचा असे दोन मोठे सांडपाणी प्रकल्प आहेत. त्यांच्या क्षमतेचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. मागा ते रोज प्रत्यक्ष आत आलेल्या सांडपाण्याचे रजिस्टर आणि महिन्याची वीजबिले. यंत्रे किती चालली हे विजेच्या युनिटवरून जितके कळते तितके कुठल्याही अहवालावरून कळत नाही. बाहेर सोडलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे निकाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळ्या अर्जाने मागायचे, म्हणजे दोन ठिकाणचे आकडे ताडून बघता येतात.

प्रतीचा दर पानाला २ रुपये. साठ पानांचे १२० रुपये होतात. मोठ्या नकाशांना प्रत्यक्ष खर्च. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची असते, पण शुल्काचे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तिच्यात धरत नाहीत, म्हणून पत्र आले की त्याच दिवशी भरा. ३० दिवस उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) प्रमाणे फुकट द्यावी लागते. मुदत संपल्यावर शुल्काचे पत्र आले तर हे कलम लिहून शुल्क नाकारा.

सोमवारी ३ ते ५

सामान्य प्रशासन विभागाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि महापालिका, जिल्हा परिषद यांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची गरज नाही. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्धनिवृत्त माणसाला यापेक्षा सोयीची सरकारी सेवा सापडणे कठीण. दुपारची वेळ, शुल्क नाही, तीस दिवसांची वाट नाही.

अडचण एकच, कार्यालयांत या निर्णयाचा सराव नाही. 'असा काही नियम नाही', 'लेखी अर्ज करा' असे सांगितले जाते. म्हणून शासनाच्या संकेतस्थळावरून निर्णयाची प्रत छापून सोबत न्या. आवाज चढवू नका, प्रत पुढे करा आणि माहिती अधिकाऱ्याचे नाव विचारा. आदल्या गुरुवारी किंवा शुक्रवारी 'येत्या सोमवारी अमुक कामाची फाईल पाहायला येणार आहे' अशी दोन ओळींची चिठ्ठी आवकमध्ये दिली तर फाईल कपाटातून आधीच काढून ठेवलेली मिळण्याची शक्यता वाढते. कनिष्ठ अभियंता साइटवर आहे आणि किल्ली त्याच्याकडे आहे, हे कारण त्यामुळे टळते.

पोर्टलवरच्या अर्जात अवलोकन मागून ठेवायचे ते याचसाठी. सोमवारी कुणी दाद दिली नाही, तर त्या अर्जावर अवलोकनाची तारीख द्यावीच लागते. माहिती अधिकाराखालच्या अवलोकनाला पहिला तास शुल्क नाही. जाताना पेन्सिल न्या. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांत अवलोकनाला फक्त पेन्सिल नेता येते, बाकीची लेखणी अधिकाऱ्याकडे ठेवावी लागते. दप्तरात कुणी शाईने काही लिहू नये म्हणून ही अट आहे आणि ती योग्यच आहे. चष्मा, कोरी पाने असलेली वही, छोटा कॅल्क्युलेटर आणि बरोबर एक माणूस. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. मोबाईलने फोटो काढण्याआधी विचारून घ्या.

फाईल पाहायची ती टिपणीच्या बाजूने. उजवीकडच्या पत्रव्यवहारापेक्षा डावीकडची टिपणी जास्त बोलते : काम कुणाच्या मागणीवरून निघाले, कोणत्या लेखाशीर्षातून पैसे आले, हरकत कुणी घेतली आणि ती कशी निकाली निघाली. पान क्रमांक तुटलेले आहेत का ते पहा. मग मोजमाप पुस्तक, म्हणजे कार्यालयातली 'एमबी'. त्यात लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार असतो, खाली तारीख आणि कनिष्ठ अभियंत्याची सही, वर तपासणाऱ्याची सही. समजा काँक्रीटच्या गल्लीची नोंद २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, ०.१५ मीटर जाड अशी आहे, म्हणजे १२० घनमीटर. गल्लीत जाऊन दहा ठिकाणी रुंदी मोजली आणि सरासरी ३.४ मीटर भरली, तर काम १०२ घनमीटरच होते. १८ घनमीटरचा फरक बिलात दिसतो. लांबी फोनवरच्या नकाशाच्या मोजपट्टीने मोजली तरी चालते. रुंदी मात्र फोनने कधीही मोजू नका. जीपीएस तीन-चार मीटरने सहज चुकतो आणि आपली गल्लीच चार मीटरची असते. ३० मीटरची फायबर टेप घ्या आणि दोघांनी धरा.

जाडी वरून मोजता येत नाही. त्यासाठी कोअर, म्हणजे रस्त्याचा आरपार गोल तुकडा, कापून चाचणी लागते. माहितीच्या अधिकारात साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही समावेश आहे, कलम २(ञ) वाचा. हा हक्क फार कमी वापरला जातो. नमुना काढताना अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि तुम्ही तिघे हजर असाल अशी तारीख लेखी मागायची, आणि नमुन्याच्या पाकिटावर तिघांच्या सह्या. स्वतः हातोडी घेऊन रस्ता फोडायला जाऊ नये. तो सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा विषय होतो.

जी पाने महत्त्वाची वाटतील त्यांचे क्रमांक लिहून आणा आणि तेवढ्याच पानांची प्रत मागा. दोनशे पानांऐवजी बारा पाने घेतली की खर्च २४ रुपये, आणि टेबलावरच्या लिपिकाचे श्रमही वाचतात. त्याच्याशी संबंध चांगले राहिले तर पुढच्या सोमवारी फाईल लवकर निघते. या सेवेला चार गुण, जिथे ती मिळते तिथे. जिथे निर्णय दाखवूनही नकार येतो, तिथे त्याच दिवशी अर्ज टाका.

दूध संस्था, पतसंस्था, हौसिंग सोसायटी

कोल्हापुरात अर्धे राजकारण सहकारात चालते, त्यामुळे हा प्रश्न लगेच येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ ऑक्टोबर २०१३ च्या थलप्पलम निकालानुसार, सरकारचे भरीव अर्थसाहाय्य नसलेली सहकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाकडे माहिती अधिकाराचा अर्ज दिला तर तो नाकारतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. मार्ग दोन आहेत. लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, निवडणुकीचे कागद हे सहकार खात्याच्या निबंधकाकडे दाखल असतात किंवा कायद्याने त्याला मागवता येतात. ते त्याच्याकडून मिळतात : हौसिंग सोसायटी आणि पतसंस्थेसाठी उपनिबंधक, दूध संस्थेसाठी सहायक निबंधक दुग्ध, साखर कारखान्यासाठी प्रादेशिक सहसंचालक साखर. दुसरा मार्ग सभासदांना. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली सभासदाला संस्थेचे ताळेबंद, सभांचे इतिवृत्त, उपविधी आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात बसून पाहता येतात आणि ठरलेल्या शुल्कात प्रती घेता येतात. हौसिंग सोसायटीच्या भांडणात माहिती अधिकारापेक्षा सभासद म्हणून केलेला अर्ज लवकर काम करतो. अनेक सोसायट्यांचे सेक्रेटरी स्वतःच निवृत्त असतात, त्यांनी सभासदांचा असा अर्ज आला तर अंगावर आल्यासारखे घेऊ नये.

उत्तर आले नाही तर

तारखांचे गणित फोनच्या कॅलेंडरवर अर्जाच्या दिवशीच मांडून ठेवा. २८ दिवसांच्या फेब्रुवारीत २ तारखेला अर्ज केला तर ३० दिवस ४ मार्चला भरतात. पहिले अपील त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत. उत्तर आधी आले आणि ते अपुरे असेल तर त्या पत्राच्या तारखेपासून ३० दिवस. पोर्टलवरून केलेल्या अर्जाचे पहिले अपील पोर्टलवरच करता येते. महाराष्ट्रात शुल्क २० रुपये, केंद्राच्या पोर्टलवर काही नाही. कागदावर असेल तर जोडपत्र 'ब'. अपिलीय अधिकाऱ्याने ३० दिवसांत, लेखी कारण देऊन जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

अपील लांबलचक लिहू नका. अर्जाचा क्रमांक, कोणत्या मुद्द्याची माहिती आली नाही आणि कोणते कलम मोडले, एवढे पुरे. सुनावणीची सूचना आली तर जरूर जा. बऱ्याच फायली सुनावणीच्या आदल्या दिवशी सापडतात. लेखी म्हणणे दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. 'समाधान झाले' अशी सही माहिती हातात पडून पाने मोजल्याशिवाय करू नका. चहा पाजून आधी सही घेण्याची पद्धत जुनी आहे.

दुसरे अपील ९० दिवसांत, जोडपत्र 'क', २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. कोल्हापूर जिल्हा राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे येतो. इथे गुण द्यायचे तर दोनच. माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण प्रकरणांचा साठा इतका आहे की सुनावणीला वर्ष-दोन वर्षे सहज जातात. तोवर रस्त्याचा दोषदायित्व कालावधीही संपून जातो. म्हणून दुसऱ्या अपिलावर विसंबून राहू नये. अपील दाखल करावे आणि तीच माहिती लहान तुकड्यांत नव्या अर्जाने, सोमवारच्या अवलोकनाने मिळवत राहावे. घाईत कलम १८ खाली तक्रार करणारे बरेच असतात. तक्रारीत अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती द्या असा आदेश मिळत नाही, तो कलम १९ च्या अपिलातच मिळतो.

आयोगाच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यासाठी पूर्वी मुंबईला जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासह आपला जिल्हा त्याच्याकडे आहे. वकिलाची फी मात्र दहा-वीस रुपयांच्या हिशेबात बसत नाही, त्यामुळे संपूर्ण पेठेचा प्रश्न असेल आणि चार घरे खर्चाला उभी असतील तरच त्या वाटेला जावे.